आधी चुंबक, मग स्प्रे : दारातल्या जुन्या वस्तूंविषयी वाचकांचे प्रश्न

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खान्देशची कानबाई देवी बसायची, म्हणजे त्याआधी घर झाडून-पुसून, रंगवून तयार हवे. आषाढ लागला की खान्देशातून येणाऱ्या पत्रांत रंगाचे प्रश्न वाढतात ते यामुळेच. या वेळी बहुतेक पत्रे भिंतींबद्दल नाहीत. दारातला दिवा, पत्रपेटी, नंबराची पाटी, कडी-कोयंडा अशा बारीकसारीक वस्तू आणि स्प्रेचा डबा, हाच विषय आहे. निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : घर वीस वर्षांचे आहे. पोर्चमधले दोन दिवे, पत्रपेटी, घराच्या नंबराची पाटी, दाराची मूठ, घंटीचे बटण, सगळ्यांचे रंग वेगवेगळे झाले आहेत. एक सोनेरी, एक गंजलेले, एक पांढुरके. सगळे काळ्या रंगात एकसारखे करता येईल का? किती डबे लागतील, आणि सुरुवात कुठून करायची? — एक वाचक, अमळनेर

करता येईल, मात्र मूठ यातून वगळा; तिच्याबद्दल पुढे एका उत्तरात लिहिले आहे. सुरुवात डबा आणण्यापासून करू नका. घरातला एखादा चुंबक घ्या आणि प्रत्येक वस्तूला लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड, मग वरून ती कितीही पितळी दिसो. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, पितळ किंवा हार्डवेअरवाले ज्याला ‘व्हाइट मेटल’ म्हणतात तो जस्ताचा ओतीव धातू. (काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही, पण ते सहसा रंगवायची वेळ येत नाही.) हा फरक एवढ्यासाठी पाहायचा की प्रायमर धातूप्रमाणे बदलतो. लोखंडाला रेड ऑक्साइड चालते. ॲल्युमिनियम, जस्त, पितळ यांच्यावर रेड ऑक्साइड धड धरत नाही. तिथे एच (etch) प्रायमर लागतो. त्यातले सौम्य आम्ल धातूला किंचित खाते आणि रंगाला पकड मिळते. पोर्चचे दिवे बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचे निघतात. ‘पांढुरके’ लिहिले आहे ते त्याच्यावर येणारे ऑक्साइडचे पीठ असावे.

दिवे काढण्याआधी मेन स्विच बंद करा, फक्त बटण बंद करून भागत नाही. टेस्टर लावून खात्री करा आणि तारा सोडवण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. काच, होल्डर, रबरी वायसर, स्क्रू सगळे सुटे करा. होल्डर आणि दिव्याची आतली, बल्बसमोरची बाजू रंगवायची नाही. काळी केली तर उजेड निम्मा होतो. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते : अर्थिंगची तार ज्या स्क्रूला बसते, तिथे रंग लागता कामा नये. रंगाच्या थराने धातूचा स्पर्श तुटला की अर्थिंग नावापुरतेच उरते. त्या भोकात जुना स्क्रू पिळून त्यावर टेप लावा.

मग धुणे. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, त्यानंतर स्वच्छ पाणी. बोअरच्या जड पाण्याने धुतले असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्या, नाहीतर क्षार सुकून पांढरे ठिपके राहतात आणि रंग त्या ठिपक्यांवर बसतो, धातूवर नाही. सुकल्यावर पॉलिश पेपर : गंज आणि पोपडे असतील तिथे आधी वायर ब्रश आणि १२० नंबर, बाकी सगळीकडे २२०, आणि प्रायमर सुकल्यावर त्यावर हलकासा ४००. जुना रंग सगळा काढायची गरज नाही. जो नखाने निघतो तो काढा. जो घट्ट आहे त्याची चकाकी मारली तरी पुरे. कडा मात्र घासून उतरत्या करा. जुन्या रंगाची पायरी नव्या रंगाखाली लपत नाही, उलट उठून दिसते.

जुना रंग घासताना कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्षात ९० भाग ही मर्यादा लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. तुमच्या घरातला रंग त्याआधीचा आहे, त्यात शिसे असू शकते. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा, खाली वर्तमानपत्र अंथरा, ते गुंडाळून टाका आणि लहान मुलांना तासभर लांब ठेवा. जुन्या फाटकांवर रंगाखाली भगवट-शेंदरी थर दिसला तर जास्तच जपा. शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड, आणि एकेकाळी लोखंडाला तोच प्रायमर म्हणून फासत.

घासून झाल्यावर थिनरने ओल्या केलेल्या सुती कापडाने पुसा. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नको. बोटाचे तेल, चुकून लागलेले फर्निचर पॉलिश किंवा सिलिकॉन यावर रंग टिकत नाही. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि वरून कितीही मारला तरी तिथून रंग सरकतोच.

आता फवारणी. डबा आतली गोळी वाजू लागल्यापासून पुढे दोन मिनिटे हलवा, आणि काम चालू असताना दर मिनिटाला परत. अंतर एक वीत आणि तीन-चार बोटे, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या आसपास. नॉब वस्तूच्या बाहेर दाबायचा, हात वस्तूवरून पलीकडे न्यायचा आणि बाहेर गेल्यावरच सोडायचा. वस्तूवरच दाबला-सोडला की तिथे थेंब पडतो. पहिला हात नुसते धुके असावे, खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. झाकायची घाई करतात ती इथेच, आणि ओघळ येतात ते इथेच. पाच ते दहा मिनिटांनी दुसरा हात, पुन्हा तेवढ्याच वेळाने तिसरा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. दिव्याची खालची बाजू आधी रंगवा, वरची नंतर.

डब्यांचा हिशेब असा. ४०० मिलिलिटरचा डबा सपाट पत्र्यावर एका हाताला साधारण दीड ते दोन चौरस मीटर पुरतो. तुमच्या दोन दिव्यांचे, पत्रपेटीचे आणि पाटीचे क्षेत्र मिळून अर्धा चौरस मीटर धरा. तीन हात म्हणजे दीड. पण नक्षी आणि कडांवर जवळजवळ निम्मा रंग हवेत जातो, म्हणून तीन धरा. रंगाचे दोन डबे झाले. एच प्रायमरचा एक. पत्रपेटी लोखंडी असेल तर रेड ऑक्साइड ब्रशने लावा, पाव लिटर भरपूर होते. काळ्यात पूर्ण मॅट घेऊ नका. आपल्याकडच्या धुळीत मॅटवर प्रत्येक बोट आणि पावसाचा प्रत्येक ओघळ दिसतो. सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचा, घ्या.

घंटीचे बटण प्लास्टिकचे आहे. त्याला थिनर लावाल तर ते विरघळेल. साबणाने धुऊन, ४००ने घासून, प्लास्टिक प्रायमर आणि मग रंग. खरे सांगायचे तर इतक्या खटाटोपापेक्षा काळे बटण विकत आणणे सोपे.

दिवे परत बसवताना भिंत आणि दिव्याचा तळ यांच्यामध्ये वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन सीलंट भरा, खालची फट मोकळी ठेवा. आत शिरलेले पाणी तिथून निघून जाते. चारही बाजू बंद केल्या तर दिवा पाणी साठवून ठेवतो. आत जुना ६० वॅटचा बल्ब असेल तर तो बदलून ९ वॅटचा एलईडी लावा. साधा स्प्रे सुमारे ९० अंशांच्या पुढची उष्णता सोसत नाही, आणि बंदिस्त दिव्याची टोपी त्या बल्बने चांगलीच तापते.

प्रश्न : मे महिन्यात फाटकावरचा दिवा आणि नंबराची पाटी रंगवली. रंग वाळूच्या कागदासारखा खरखरीत झाला, हात फिरवला की काळी पूड निघते. डबा खराब होता का? — एक वाचक, भुसावळ

डबा ठीक होता, वेळ चुकली. स्प्रेचा रंग पातळ ठेवणारे द्रावण हवेत उडते आणि थेंब वस्तूवर पोचून पसरतो, मग सुकतो. भुसावळच्या ४४-४५ अंशांत आणि दुपारच्या झळीत ते द्रावण वाटेतच उडून जाते. वस्तूवर पोचतो तो रंगाचा सुका कण. तो पसरत नाही, चिकटतही नाही, नुसता टेकतो. बहुतेक डब्यांवर काम करण्याचे तापमान १० ते ३५ अंश छापलेले असते. खेरीज उन्हातले लोखंड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. ज्या धातूवर हात टेकवत नाही, त्यावर रंग मारायचा नाही.

दुरुस्ती सोपी आहे. ३२० नंबरने घासून खरखर काढा, ओल्या कापडाने पूड पुसा, वाळू द्या आणि दोन पातळ हात पुन्हा द्या. उन्हाळ्यात काम करायचेच असेल, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येणार म्हणून थांबता येत नसेल, तर सकाळी साडेसहा ते नऊ एवढाच वेळ, तोही सावलीत. वस्तू आदल्या रात्री घरात आणून ठेवा म्हणजे थंड राहील. अंतर २५ ऐवजी २० सेंटिमीटर करा आणि हात थोडा झपाट्याने फिरवा.

सर्वांत महत्त्वाचे : डबा उन्हात ठेवू नका. त्यात दाबाखालचा ज्वलनशील वायू असतो आणि ‘५० अंशांच्या वर नेऊ नये’ हे डब्यावर छापलेले असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे किंवा स्कूटरच्या डिकीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दुकानातून आणला की थेट घरात, पलंगाखाली.

प्रश्न : गेल्या श्रावणात कानबाईच्या दोन दिवस आधी पत्रपेटी आणि जाळीचे दार काळे रंगवले. संध्याकाळी पाहिले तर काळ्यावर पांढरट धुरकट झाक. पुसून जात नाही. या वर्षी असे होऊ नये म्हणून काय करावे? — एक वाचक, चोपडा

द्रावण उडताना पृष्ठभाग थंड पडतो. ओल्या हवेत त्या थंड पृष्ठभागावर बाष्प बसते आणि सुकणाऱ्या रंगात अडकते. ती पांढरट झाक म्हणजे हे अडकलेले पाणी. रंग जितका झटपट सुकणारा, तितके हे जास्त. संध्याकाळी झाक दिसली यावरून तुम्ही दुपारनंतर काम केले आणि सूर्य उतरताना दमट गारवा आला, असे दिसते.

झाक हलकी असेल तर कोरड्या, उन्हाच्या दिवशी त्याच रंगाचा एक अगदी पातळ हात द्या. नव्या द्रावणाने वरचा थर सैल होतो आणि पाणी निघून जाते. त्याने गेली नाही तर ४०० नंबरने घासून पुन्हा रंग.

या वर्षी शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. पाऊस उघडून एक अख्खा दिवस कोरडा गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात काम करा. मिठाची बरणी ओलसर दिसत असेल तर त्या दिवशी नको, एवढी खूण पुरते. हवेतली आर्द्रता मोबाइलवर दिसते. ६५ टक्क्यांपर्यंत निर्धास्त, ८५च्या वर अजिबात नाही. जाळीचे दार बिजागऱ्यांतून उतरवता येत असेल तर उतरवून व्हरांड्यात घ्या. आणि व्हरांड्यात देव्हारा किंवा तुळशीजवळचा दिवा लावलेला असेल तर आधी तो विझवा, गॅसही बंद करा. फवाऱ्यातला वायू पेट घेतो.

पण सवड असेल तर श्रावण सोडा. खान्देशात स्प्रेला खरा चांगला काळ कोजागरीपासून होळीपर्यंत. त्यातही दोन अडचणी आहेतच. हिवाळ्यात सकाळी लोखंडावर दव असते. बोट फिरवून पाहा, ओले लागले तर दहा वाजेपर्यंत थांबा. आणि जिनिंगजवळ राहणाऱ्यांना त्या दिवसांत हवेत कापसाची तूस असते, ती ओल्या रंगावर येऊन बसते. ती ओली असताना चिमट्याने काढायला जाऊ नका, खड्डा पडेल. रंग सुकू द्या, ४००चा एक हलका हात फिरवा, मग शेवटचा हात द्या.

प्रश्न : पहिला हात सकाळी दिला, दुसरा संध्याकाळी पाच वाजता. पाच मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडल्या, दुधावरच्या सायीसारख्या. का? — एक वाचक, धुळे

एनॅमल जातीच्या स्प्रेमध्ये दुसऱ्या हाताची वेळ चुकली की असेच होते. पहिल्या तासाभरात थर सगळाच मऊ असतो; नवा रंग त्यात मिसळतो. एक-दोन दिवसांनी तो आतपर्यंत घट्ट होतो. नवा रंग वर बसतो. मधल्या वेळेत मात्र वरची साल घट्ट आणि आतला भाग मऊ. नव्या रंगातले द्रावण सालीतून आत झिरपते, साल फुगते, जागा अपुरी पडते आणि ती गोळा होते. म्हणून डब्यावर ‘एक तासाच्या आत किंवा २४ तासांनंतर’ असे काहीतरी लिहिलेले असते. काही डब्यांवर ४८ तास असतात. अक्षर बारीक असते, पण डब्यावर वाचण्यासारखे खरे तेवढेच.

आता घाई नको. चार-पाच दिवस तसेच वाळू द्या, नाहीतर पॉलिश पेपर चिकट रंगाने भरून जाईल. मग २२०, त्यानंतर ३२०, आणि नव्याने रंग. जुन्या ब्रशच्या ऑइलपेंटवर स्प्रे मारायचा असेल तर आधी कोपऱ्यात थिनरचा बोळा अर्धा मिनिट धरून पाहा. जुना रंग उकलला किंवा फुगला, तर तिथे सुरकुत्या ठरलेल्याच. तो थर काढून टाका, किंवा स्प्रेचा नाद सोडून ब्रशनेच ऑइलपेंट द्या.

प्रश्न : पत्र्याच्या पत्रपेटीला दोनदा चांगला ऑइलपेंट दिला. दोन्ही वेळा वर्षभरात सालपटे निघाली. खाली गंज नाही, पत्रा चकचकीत आहे. — एक वाचक, एरंडोल

चकचकीत आहे यातच उत्तर आहे. तो जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा. (चुंबक इथे फसवतो, आत लोखंड असल्यामुळे तो चिकटतो. राखाडी, बर्फाच्या फुलीसारखी नक्षी दिसली की जीआय ओळखा.) ऑइलपेंटमधले तेल आणि जस्त यांची हळूहळू अभिक्रिया होऊन दोघांमध्ये साबणासारखा थर तयार होतो. रंग कितीही महाग असला तरी तो त्या साबणावर उभा असतो.

सगळा रंग काढा, या बाबतीत अर्धवट चालत नाही. साबणाने धुवा, ३२०ने हलके घासा. जस्त निघून लोखंड उघडे पडेल इतके नाही. एच प्रायमरचा एक पातळ हात, आणि त्यावर ॲक्रिलिक स्प्रे. डब्यावर ‘ॲक्रिलिक’ लिहिलेले पाहून घ्या, ‘एनॅमल’ नको.

प्रश्न : गावाकडच्या वाड्याच्या सागवानी दाराला जुनी कडी, साखळी आणि धातूची फुले आहेत. पन्नासएक वर्षांचे हिरवे-तपकिरी रंगाचे थर बसलेत. यावर काळा स्प्रे मारावा की सोनेरी? — एक वाचक, यावल

दोन्ही नको. आधी एका फुलाच्या मागच्या बाजूला थोडा रंग खरवडा आणि चुंबक लावा. चिकटला नाही आणि खाली पिवळा धातू दिसला, तर ते भरीव पितळ आहे. त्यावर स्प्रे मारणे म्हणजे पैठणीला रंग देणे. सोनेरी स्प्रेने पितळाचा आभास करायचा आणि त्याखाली खरे पितळ झाकायचे, यात काही अर्थ नाही.

रंग उतरवण्याचे दोन मार्ग. फुले आणि कडी दारापासून सुटतात, तर एका टाकाऊ पातेल्यात पाणी, लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, आणि मंद आचेवर अर्धा तास. धातू आणि रंग वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, सोडा तेल कापतो, आणि थर सालीसारखा सुटतो. ते पातेले परत स्वयंपाकात आणायचे नाही, पाणी विहिरीजवळ ओतायचे नाही. इतक्या जुन्या रंगात शिसे धरूनच चाला. हीच रीत ॲल्युमिनियमला वापरू नका, सोडा ते खातो. फुलांचे खिळे आतून वळवलेले असतील तर फुले उपटायची नाहीत. सागवानाची चीर निघते. तिथे जेलसारखा पेंट रिमूव्हर जाड लावा, वर प्लास्टिकचा कागद चिकटवा, वीस मिनिटांनी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. हातमोजे रबरी, आणि दारे-खिडक्या उघड्या. लाकडावर सांडू नये म्हणून फुलाभोवती टेपचे दोन थर. नक्षीतला रंग काढायला जुना दातांचा ब्रश. लोखंडी वायर ब्रश पितळाला कधीही लावू नका, त्याचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात.

उघडे पडलेले पितळ काळपट-तपकिरी दिसेल, घाबरू नका. चिंचेचा कोळ आणि मीठ चोळा, पाच मिनिटे, जास्त नाही. मग भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसा. मीठ राहिले तर दोन दिवसांत हिरवे ठिपके येतात. शेवटी पितांबरी.

यापुढे पारदर्शक लॅकरचा स्प्रे मारावा का, याबद्दल कारागिरांत दोन मते आहेत. आमचे मत : फुलांना मारा, कडीला नको. फुलांना कोणी हात लावत नाही, तिथे लॅकर काही वर्षे टिकते. कडी रोज हाताळली जाते. एका जागी लॅकर झिजले की तिथून काळी रेघ आत पसरते आणि मग सगळे उतरवण्यावाचून इलाज नाही. कडी हाताने आपोआप उजळ राहते. लॅकर मारायचे असेल तर पॉलिश केल्याच दिवशी, थिनरने पुसून, हातमोजे घालून, दोन पातळ हात. एका बोटाचा ठसा राहिला तर तो लॅकरखाली महिन्याभरात काळा होऊन दिसू लागतो.

चुंबक चिकटला तर मात्र ते घडीव लोखंड. मग रंग काढा, रेड ऑक्साइड, आणि सॅटिन काळा. जुन्या सागवानावर तोही फार देखणा दिसतो.

प्रश्न : दाराची मूठ काळ्या स्प्रेने रंगवली, सहा महिन्यांत बोटांच्या जागी रंग गेला. शिवाय किल्ली फिरेनाशी झाली आहे. — एक वाचक, शिरपूर

मूठ हा स्प्रेचा विषय नाही. घाम, अंगठी, किल्ल्यांचा जुडगा, रोज पन्नास वेळा. डब्यातल्या रंगाचा थर त्यापुढे टिकत नाही, मग प्रायमर कितीही चांगला असो. काळीच हवी असेल तर मूठ सुटी करून पावडर कोटिंगला द्या. औद्योगिक वसाहतींत हे काम करणारे भेटतात. पावडर १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजली जाते, म्हणून आतले नायलॉनचे वायसर, स्प्रिंग, कुलपाची नळी आधी काढून घ्या. मूठ व्हाइट मेटलची असेल तर ते आधी सांगा. ओतीव धातूत अडकलेली हवा भट्टीत फुगते आणि पृष्ठभागावर फोड येतात. तशी मूठ असेल तर पावडर कोटिंगचा खर्च करण्यापेक्षा स्टीलची नवी मूठ घ्या.

किल्लीचे कारण उघड आहे, नळीत रंग गेला. जोर लावू नका, किल्ली आत तुटेल. किल्लीचे टोक थिनरमध्ये बुडवून घाला, काढा, पुसा, असे सात-आठ वेळा करा. मोकळी झाली की खोबरेल तेल मुळीच नको. त्यावर धूळ बसते, आणि २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठते. खान्देशच्या थंडीत सकाळी कुलूप पुन्हा अडेल. ग्रॅफाइटची पूड घाला. नसेल तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर दोन्ही बाजूंनी घासा आणि किल्ली फिरवा. पुढच्या वेळी दाराच्या कडेवरचा एक लांब स्क्रू सोडवला की नळी पूर्ण बाहेर येते, मग रंगवा.

प्रश्न : लोखंडी ॐ आणि नावाची अक्षरे सोनेरी स्प्रेने रंगवली होती. वर्षात काळवंडली. वरून क्लिअर (पारदर्शक लॅकर) मारला असता तर टिकली असती का? — एक वाचक, नंदुरबार

थोडी जास्त टिकली असती, पण चमक पहिल्याच दिवशी गेली असती. बहुतेक सोनेरी स्प्रेमध्ये पितळाचे बारीक पापुद्रे असतात. ते पृष्ठभागावर उघडे असतात तोवर चमकतात, आणि उघडे असतात म्हणूनच हवेने काळवंडतात. क्लिअरमधले द्रावण त्यांना हलवते, ते आडवे-तिडवे होतात आणि सोन्याचा गेरू दिसू लागतो. चंदेरी ‘क्रोम’ स्प्रेचेही तेच. तो तर नुसत्या बोटाने पुसला जातो. बाहेरच्या पाटीसाठी अक्षरे काळी किंवा गडद तपकिरी करा, किंवा पितळेची कापून घ्या.

प्रश्न : फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गच्ची मोकळी आणि वारा भयंकर. रंग वस्तूपेक्षा शेजाऱ्यांच्या कपड्यांवर जास्त जाईल अशी भीती. — एक वाचक, साक्री

साक्रीचा वारा पवनचक्क्यांसाठी बरा, स्प्रेसाठी नाही. फळवाल्याकडून केळीचे पुठ्ठ्याचे मोठे खोके आणा, आडवे ठेवा, हवेसाठी पाडलेली भोके टेपने बंद करा. वरच्या बाजूला दोन भोके पाडून त्यातून बाइंडिंगची तार ओवा आणि वस्तू आत टांगा, म्हणजे ती फिरवून चारही बाजूंनी रंगवता येते. स्क्रू एका पुठ्ठ्यात उभे खोचून फक्त डोकी रंगवा. दोन हातांच्या मध्ये खोक्याचे तोंड ओल्या कापडाने झाका, धूळ बसत नाही. रंगाचे धुके उरतेच, तेव्हा तोंडाला रुमाल पुरेसा नाही; रुमाल थेंब अडवतो, वाफ नाही. कार्बनच्या गाळणीचा मास्क लावा.

प्रश्न : अर्धा भरलेला डबा सहा महिन्यांनी दाबला तर काहीच येत नाही. नॉबमध्ये सुई घालावी का? आणि रिकामे डबे कुठे टाकावेत? — एक वाचक, पाचोरा

नॉब डब्यावर असताना सुई घालू नका, रंग डोळ्यांत उडतो. नॉब वर ओढून काढा, रात्रभर थिनरमध्ये ठेवा, मग फुंकर मारून बसवा. थंडीत डबा थुंकल्यासारखा फवारत असेल तर दहा मिनिटे कोमट पाण्यात उभा करा. कोमट म्हणजे हात सहज बुडेल एवढेच, चुलीजवळ नाही. पुढच्या वेळी काम संपल्यावर डबा उलटा धरून दोन-तीन सेकंद दाबा. रंग थांबून नुसता वायू आला की नळी साफ झाली. हे न केल्यामुळेच तुमचा डबा अडला आहे.

रिकामा वाटणाऱ्या डब्यातही वायू उरतो. नॉब दाबून तो मोकळ्या हवेत संपवा, भोक पाडू नका, आणि घंटागाडीत सुक्या कचऱ्यात वेगळा सांगून द्या. होळीत किंवा पाचोळ्याच्या आगीत तो जाणार नाही, एवढे मुलांना बजावून ठेवा. तिथे तो बॉम्बसारखा फुटतो.